विसरलो मी, मार खाल्ला विलाड्सने

बोलतोय तो मी, डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावरच्या एका मासे धुरवायच्या भट्टीतला कॉम्प्युटर. माझ्या पडद्याला कोपऱ्यात तडा गेलाय, पत्र्याला पोचा आलाय आणि कीबोर्डच्या फटींत थोडं वाळलेलं रक्त अडकलंय. ते ज्याचं रक्त आहे, त्या माणसाची काडीचीही चूक नव्हती.

आठ वर्षांपूर्वी मी बोटीतून या बेटावर आलो. खोक्यातून मला बाहेर काढलं विलाड्सने. भट्टी दोघा भावांची. थोरला आस्गर आग सांभाळायचा, धाकटा विलाड्स गिऱ्हाईक, मागण्या आणि मी, असं सगळं बघायचा. माझ्यात ईमेलचा प्रोग्राम त्यानेच बसवला. पासवर्ड टाकला आणि 'लक्षात ठेव' या चौकोनात खूण केली. मी लक्षात ठेवला. पुढे साडेसात वर्षं मी एकदाही तो पुन्हा मागितला नाही.

आस्गर वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून यायचं. पेटी नीट बसली नाही की पेटी फुटायची. कुत्रं आडवं आलं की कुत्रं केकाटायचं. सहा वर्षांपूर्वी त्याची मुलगी सिडसेल माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, "बाबा, मी भट्टीत काम करणार नाही. मला कोपनहेगनला जायचंय." आस्गरने ओल्या दोराचं वेटोळं तिच्या कानावर हाणलं. दोनदा. ती ओरडलीसुद्धा नाही. कानातून रक्त येत होतं, ते तिने बाहीला पुसलं आणि दुपारच्या बोटीने निघून गेली. त्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही.

त्यानंतर ती फक्त काकाला लिहायची, भट्टीच्या ईमेलवर. आस्गरला ते माहीत होतं, पण तो कधी विचारायचा नाही. मग गेल्या उन्हाळ्यात तिच्या एका पत्रात शेवटी एक ओळ आली, 'बाबांना सांगा, मी बरी आहे.' विलाड्सने ती वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आस्गर रोज सकाळी आग पेटवायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसू लागला.

ऑक्टोबरच्या अखेरीला एका हॉटेलवाल्याने हेरिंग माशांच्या चार पेट्या परत पाठवल्या. 'फार धूर लागलाय,' एवढंच त्याने लिहिलं होतं. आस्गरने ते वाचलं आणि माझ्या कीबोर्डवर मूठ हाणली. मोठं अक्षर काढायची डावीकडची कळ आत रुतून निकामी झाली. मग त्याने टेबलाखाली लाथ घातली. माझा पत्रा चेपला, वायर उपटून निघाली आणि मी होतो त्या जागी मेलो. त्या क्षणी ईमेलचा प्रोग्राम त्याच्या फाईलमध्ये काहीतरी लिहीत होता. जिच्यात पासवर्ड असतो, तीच ती फाईल. ती अर्धवटच राहिली.

विलाड्सने वायर खोचून मला पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एक छोटा चौकोन आला: पासवर्ड द्या.

"हे काय नवीन?" विलाड्स म्हणाला. त्याने पासवर्ड टाकला, 'लक्षात ठेव'वर खूण केली, पत्रं उघडली. मला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या सकाळी मी पुन्हा कोरा. ठेवायला गेलो तर ठेवायची जागाच फाटलेली.

"पासवर्ड तू काढलास?" आस्गरने विचारलं.

"मी कशाला काढू? काल तुझ्यासमोर खूण केली ना."

"मग गेली कुठे ती खूण?"

"मला काय माहीत! हा घे कागद, यावर लिहून देतो. तूच टाक."

विलाड्सने मासे बांधायच्या कागदावर पासवर्ड लिहून दिला. पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. आस्गर एका बोटाने टाकत गेला. डावी कळ रुतलेली, त्यामुळे मोठं अक्षर निघेचना. पण पासवर्डाच्या जागी सगळं ठिपक्याठिपक्यांत दिसतं, त्याला कळणार कसं? चूक, मी म्हणालो. पुन्हा चूक. पाच वेळा चूक. मग विलाड्स आला, त्याने सवयीने उजवीकडची कळ दाबली आणि पत्रं उघडली.

आस्गर त्याच्याकडे बघतच राहिला. "तुझ्या हाताने उघडतंय आणि माझ्या हाताने नाही, होय?"

"अरे, नीट टाक ना. तुझी बोटं म्हणजे ओंडके आहेत."

विलाड्स हसला. त्याने हसायला नको होतं.

असं नऊ दिवस चाललं. आस्गरच्या मनाने घेतलं, की सिडसेलची पत्रं येताहेत आणि हा ती लपवतोय. कॉफीचा मग माझ्या पडद्यावर आदळला तो याच दिवसांत. मला सगळं माहीत होतं. पण बोलायला मला त्या चौकोनातली दोनच वाक्यं दिली होती. एक, पासवर्ड द्या. दुसरं, पासवर्ड चुकीचा आहे. मी तीच बोलत राहिलो आणि प्रत्येक वेळी विलाड्स थोडा जास्त खोटा ठरत गेला.

दहाव्या सकाळी आस्गर हेरिंग ओवायची लोखंडी सळई हातात घेऊनच आत आला.

"उघड."

"उघडतो. ती सळई खाली ठेव."

"माझ्या पोरीची पत्रं तू दाबून ठेवतोस. सहा वर्षं तूच तिचा बाप झालायस!"

"बाप कुणीतरी व्हायलाच हवं होतं," विलाड्स म्हणाला.

पहिला घाव कपाळाला चाटून गेला. विलाड्स माझ्यावर कोसळला आणि रक्त माझ्या कळांवर सांडलं. त्याने उठून माशांची लाकडी पेटी आस्गरच्या तोंडावर मारली. आस्गरचा ओठ फाटला, एक दात हलला. दोघं मिठाच्या पाण्याच्या पिंपावर आदळले, पिंप उलटलं, त्या पाण्यात सरपटत दोघं एकमेकांना गुद्दे घालत राहिले. दोघंही साठीच्या पुढचे. विलाड्सने डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि त्या हातावर सळई उतरली. लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

मग सगळं थांबलं. आस्गर हातातल्या सळईकडे बघत उभा राहिला. माझ्या पडद्यावर, तड्याशेजारी, तेच होतं: पासवर्ड द्या.

दवाखान्यात विलाड्सने सांगितलं, "मिठाच्या पाण्यावरून घसरलो." संध्याकाळी परत आल्यावर आस्गरलाही त्याने तेच सांगितलं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दोघांचं बोलणं जुळेल.

चार दिवसांनी बोडिलबाई मासे घ्यायला आल्या. पंचाहत्तरीच्या. वाचनालयात म्हाताऱ्याकोताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. विलाड्स घसरल्याचं त्या गावात ऐकून होत्या. त्याचं प्लास्टर त्यांनी बघितलं, आस्गरचा ओठ बघितला, माझा तडा बघितला.

"तिघंही एकाच जागी घसरलात वाटतं?"

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "काय होतंय याला?"

"पासवर्ड ठेवतच नाही," विलाड्स म्हणाला.

बाईंनी आधी सगळ्या कळा दाबून बघितल्या. "ही डावी कळ मेलीय. तुम्ही हिनेच टाकत होता का, आस्गर?"

आस्गरने मान हलवली.

मग त्यांनी प्रोग्राम बंद केला, माझ्या पोटात शिरून त्याचा कप्पा उघडला आणि पासवर्डाची फाईल शोधली. "ही बघा, अर्धी लिहून तुटलीय. हा बिचारा ठेवणार कुठे? कुणी पासवर्ड काढला नाही की बदलला नाही." त्या पुढे वाकल्या. "शेवटचं लिहिलं गेलंय अठ्ठावीस ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. लिहिता लिहिताच बंद पडलाय. काय झालं होतं तेव्हा? वीज गेली होती?"

विलाड्स खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी लाथ मारली होती," आस्गर म्हणाला.

बोडिलबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या कामाला लागल्या. तुटकी फाईल बाजूला काढली, प्रोग्रामला नवी बनवू दिली, विलाड्सकडून पासवर्ड घेऊन एकदा टाकला, खूण केली. प्रोग्राम बंद केला, उघडला. मला बंद केलं, सुरू केलं. मी काही मागितलं नाही. मासे घेऊन त्या निघून गेल्या.

सिडसेलचं एक पत्र आदल्याच दिवशी येऊन पडलं होतं. विलाड्सने ते मोठ्याने वाचलं.

'काका, उन्हाळ्यात यावंसं वाटतंय. मुलगी चार वर्षांची झाली, तिला समुद्र दाखवायचाय. तुम्ही लिहिता की मी गेल्यापासून बाबांनी कुणावर हात उचललेला नाही. हे खरं आहे ना? पोरीला घेऊन यायचंय म्हणून विचारते.'

विलाड्सने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली, 'अगदी खरं...'

"ऊठ," आस्गर म्हणाला.

"आस्गर, मला लिहू दे."

"ऊठ म्हणतोय ना."

तो बसला. अर्धा तास लागला त्याला. प्रत्येक कळ तो खिळा ठोकावा तशी दाबत होता. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं: 'खरं नाही. मागच्या आठवड्यात मी तुझ्या काकाचा हात मोडला. त्याने काही केलं नव्हतं. तुझा कान मी फोडला तेव्हा तूही काही केलं नव्हतंस. आस्गर.'

"पाठवू नकोस," विलाड्स म्हणाला. "ती येणार नाही."

"ते तिचं ती ठरवेल."

उत्तर यायला नऊ दिवस लागले. 'मुलीला आणणार नाही. मी एकटी येईन आणि काकांकडे राहीन. तुम्हाला भेटायचं की नाही, ते तिथे आल्यावर बघेन.' आस्गरने ते दोनदा वाचलं आणि आग पेटवायला गेला.

आता मार्च चालू आहे. विलाड्सचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, सळया आस्गरच टांगतो. दर मंगळवारी तो बस धरून गावात जातो. तिथे हात उगारणारी माणसं ती सवय सोडायला गोल बसून बोलतात म्हणे. दोनदा तो दारातूनच परत आला होता, हे त्याने स्वतःच विलाड्सला सांगितलं.

माझ्या जागी नवा कॉम्प्युटर आलाय. पत्रं त्याच्यात गेली, पासवर्डही गेला. मी दाराशी जमिनीवर आहे, गुरुवारी भंगाराची गाडी येईल. सिडसेल येईल तेव्हा मी इथे नसेन. ती बापाला भेटली का, हे मला कधीच कळणार नाही.

जाता जाता एवढंच मागतो. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरात काही विसरला, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळू नका. आधी त्याला उघडून बघा.