क्रमांक चाळीस, हजर

आमच्या पिठाच्या गिरणीत चेहरा ओळखून हजेरी लावणारं मशीन बसवलं ते मी. म्हणजे कंपनीचा माणूस आला होता, पण भिंतीला भोकं पाडायची, वायर ओढायची आणि त्याला चहा पाजायचा, ही कामं गिरणीच्या इलेक्ट्रिशियनचीच. चाचणी म्हणून सकाळी पहिला चेहरा माझा घेतला. बाकीच्यांचे पाळी सुटताना घेतले, आणि तिथेच मी माती खाल्ली.

पाळी सुटताना गिरणीतला माणूस कसा दिसतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? भुवया, मिशा, पापण्या, सगळं पांढरंफटक. दुसऱ्या दिवशी सगळे आंघोळ करून, भांग पाडून आले आणि मशीनने एकालाही ओळख दाखवली नाही. शेवटी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, पोत्यातलं मूठभर पीठ तोंडाला फासलं. मशीन लगेच बोललं, "क्रमांक चाळीस, हजर."

"माझ्या लग्नातसुद्धा एवढी पावडर लावली नव्हती," दादा म्हणाला. मुकादमाची हसून हसून पुरेवाट झाली.

चेहरे नव्याने घ्यायचे होते, पण कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत फिरकलाच नाही. मग मशीनखाली पिठाची परात आली. आत शिरताना तोंडाला पीठ लावायचं, हजेरी द्यायची आणि कामाला लागायचं. धुतल्या तोंडाने हजर होणारा मी एकटाच.

दादाच्या छातीचं दुखणं जुनंच होतं. या वेळी त्याने अंथरूण धरलं, ते थेट गिरणीमागच्या दवाखान्यात. त्याच्या रजा संपल्या होत्या. सलग दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव आपोआप कमी होतं, आणि नावाबरोबर दवाखान्याचं कार्डही बंद. मी मॅनेजरसाहेबांच्या हातापाया पडलो. "माझ्या हातात काही राहिलं नाही रे," ते म्हणाले, "आता सगळं मशीन बघतं." खोटं बोलत नव्हते, याचाच जास्त राग आला.

नवव्या दिवशी मी चाळणीची मोटर दुरुस्त करत होतो. वरून पीठ कोसळलं. तसाच बाहेर पडलो, तर मशीन म्हणालं, "क्रमांक चाळीस, हजर राहण्याची वेळ संपली आहे." मी जागीच थबकलो. दादाचं नाक आणि माझं नाक एक, कपाळ एक. पिठाने उरलेला फरकही बुजवला होता. सकाळी सातला एक हजेरी लागली की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

दहाव्या दिवशी पावणेसातला मी तोंडाला पीठ लावून मशीनसमोर उभा होतो. हजेरी सातच्या आधी लागत नाही. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भावोजी, लगेच या. हे तुम्हाला विचारतायत."

"पंधरा मिनिटांत येतो, वहिनी. एवढी हजेरी लावतो."

"आधी या हो!"

"अहो, कार्ड बंद झालं तर ते लोक त्याला बाहेर काढतील!"

तिने फोन ठेवला. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. दवाखाना पाच मिनिटांवर होता. जाऊन परत येता आलं असतं, हे आज कोणीही सांगेल. मलाही सुचलं होतं. पण एकदा गेलो की पाय निघणार नाही, अशी भीती वाटली. सात वाजले. "क्रमांक चाळीस, हजर." माझा जीव भांड्यात पडला आणि मी धावत सुटलो.

वॉर्डात शिरलो तर नर्स माझं तोंड बघून दचकली. वहिनी खाटेशेजारी बसली होती. दहा मिनिटांपूर्वीच सगळं आटोपलं होतं.

"तुमची वाट बघत होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी सांगितलं, तुमची हजेरी लावून येतायत. तर म्हणाले, माझी कशाला? त्याला बोलव."

मी तिथेच खाली बसलो. रडलो तेव्हा पिठाचा चिकट लगदा गालांवरून गळ्यात उतरत राहिला. पुसायची शुद्ध नव्हती. वहिनीने स्वतःचा पदर पुढे केला, तो घ्यायचीही मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस उगवला. सगळ्यांनी नळावर तोंडं धुतली, चेहरे नव्याने घ्यायला रांग लावली. परात उचलायची होती. क्रमांक चाळीस काढून टाकायचं काम मॅनेजरांनी मला दिलं, कारण मशीन माझ्याकडे. पडद्यावर दादाची शेवटची नोंद होती: सकाळी सात, हजर. त्याच दिवसाचा त्याच्या मृत्यूचा दाखला वहिनीच्या पिशवीत होता, त्यावर वेळ सहा पंचावन्न.

मी परातीतलं पीठ घेऊन तोंडाला लावलं.

"क्रमांक चाळीस, हजर."

मग बटण दाबलं, आणि पुन्हा समोर उभा राहिलो.

"ओळख पटली नाही."

"तोंड धू आता," मागून मुकादम हळूच म्हणाला. "लोक खोळंबलेत."

मी हललो नाही.