भोगीच्या रविवारचे पाहुणे

रामदासने पाहुण्यांना रविवार दिला, तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच होतं की त्या दिवशी गिरणी बंद असते. बाबुरावांनाही गोदीतून सुट्टी होती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत दोघांची गाठ पडली, तिथंच ठरलं, आणि घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "येत्या रविवारी बकुळाला बघायला येतायत. बाबुराव, त्यांची मंडळी आणि मुलगा. जेवूनच जातील."

गुणवंतीला आनंद झाला. बकुळा तिची धाकटी बहीण. आईबाप गेल्यावर तिच्याकडेच, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या या एका खोलीत वाढलेली. आता एकोणिसावं सरत आलं होतं. मुलगा चंदू माझगावला गोदीत फिटर, निर्व्यसनी. आणखी काय हवं होतं?

तो आनंद दोन दिवस टिकला. शुक्रवारी शेजारच्या कमळाबाई दारात येऊन म्हणाल्या, "दादरला चाललेय. भोगीची भाजी आणू का गं तुला?" आणि गुणवंतीला एकदम आठवलं. रविवारी भोगी होती.

सत्तावन्न साल नुकतंच उजाडलं होतं. बाबासाहेब जाऊन सव्वा महिना झाला होता. दादरला त्यांच्या चितेपुढं लाखो माणसांत उभं राहून रामदासने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढच्याच आठवड्यात देव्हारा रिकामा झाला. भोगी नाही, संक्रांत नाही, हळदीकुंकू नाही. गुणवंतीची त्याला तक्रार नव्हती. फक्त सणाचा दिवस आला की हात रिकामे पडल्यासारखे वाटत, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

पण बाबुरावांची गोष्ट वेगळी होती. ते बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जुने कार्यकर्ते. कमळाबाईंनीच कधीतरी सांगितलं होतं, "अगं, पलीकडच्या चाळीत जेवायला आले होते. कोपऱ्यात खंडोबाचा टाक दिसला तसे भरल्या ताटावरून उठले. हात धुवायलासुद्धा थांबले नाहीत."

त्या रात्री गुणवंतीला झोप आली नाही.

"मटण कर," रामदास सकाळी म्हणाला. "पाहुणे म्हटल्यावर मटण."

"आणि त्यांनी सोडलं असलं तर? ऐकलंय मी तसं."

"मग शिरा-पुरी."

"शिरा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, असं म्हणाले तर?"

रामदास वैतागला. "मग खीर कर. भगवान बुद्धांनी सुजाताच्या हातची खीर खाल्ली होती. परवा भाषणात सांगितलंय."

खीर ठरली. भाजीचं मात्र अवघड होतं. थंडीच्या दिवसांत बाजारात जे येतं, तेच सगळं भोगीच्या भाजीत पडतं. वांगी, पावटे, गाजर, हिरवा हरभरा. एकत्र केलं तर भोगी. म्हणून तिनं ठरवलं, वांग्याची भाजी वेगळी, पावट्याची उसळ वेगळी, गाजराची कोशिंबीर वेगळी.

"येकत्र केलं की भोगी आन् येगळं केलं की काय?" सासू तुळसाबाईंनी कोपऱ्यातून विचारलं. साठीची म्हातारी, साताऱ्याकडची. बोलणं कमी, पण नेमकं.

"वेगळं केलं की जेवण, आत्याबाई."

"आन् भाकरी?"

"बाजरीचीच. पण कोरडी. तीळ नकोत."

तुळसाबाईंची नजर तिळाच्या डब्याकडे गेली, ती गुणवंतीनं पाहिली. तिनं डबा उचलून वरच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागं सरकवला.

रविवारी ती पहाटेच उठली. भाजी फोडणीला टाकली, खिरीचं दूध शेगडीवर चढवलं, बकुळाची वेणी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बकुळा आरशात बघत म्हणाली, "आक्का, किती वेळा घालशील?"

"गप्प बस. काय विचारलं तर मोठ्यानं सांग. सातवी पास आहेस, लाजायचं काय त्यात?"

दहा वाजता पाण्याचा नळ जायच्या बेतात होता. दोघी बहिणी हंडे घेऊन मोरीकडे गेल्या. तिथं रांग होती. परत येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि दारातच गुणवंतीला भाजलेल्या तिळाचा वास आला.

तुळसाबाई तव्यापुढं बसल्या होत्या. परातीत पीठ उरलं नव्हतं. टोपलीत दहा-बारा भाकऱ्या रचलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर तीळ होते.

"आत्याबाई! काय केलंत हे?"

"तुला उशीर होत व्हता. म्हनलं हात लावावा."

"मी नको म्हटलं होतं ना! एवढं सांगितलं होतं!"

म्हातारीनं तवा खाली उतरवला आणि पदरानं तोंड पुसलं. गुणवंतीनं डबा उघडून पाहिला. मूठभर पीठ होतं. दळण आणायला वेळ नव्हता. एक भाकरी घेऊन तिनं नखानं तीळ खरवडून पाहिले, तर भाकरीला भोकं पडायला लागली. तिनं ती तशीच खाली ठेवली.

पाहुणे अकराला यायचे होते. साडेअकरा झाले, बारा झाले. सव्वाबाराला खालून कुणीतरी ओरडत आलं, "लालबागला दगडफेक झालीय! निवडणुकीच्या प्रचाराच्या मिरवणुकीवर! ट्राम बंद केल्या!"

माझगावहून येणारा माणूस लालबागवरूनच येणार. रामदासने खुंटीवरची टोपी काढली.

"कुठं निघालात?" गुणवंती आडवी आली.

"बघून येतो. बाई माणूस आहे त्यांच्याबरोबर."

"नका जाऊ."

"दगडफेकच आहे गं. गोळीबार नाही."

"गेल्या वर्षी पण तुम्ही असंच म्हणाला होतात."

गेल्या वर्षी याच दिवसांत, संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी, तो असाच 'बघून येतो' म्हणून खाली उतरला होता. मग आंदोलकांवर गोळीबार झाला, कर्फ्यू लागला आणि दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. परळला एका ओळखीच्या घरात अडकला होता, हे तिला नंतर कळलं. तोपर्यंत तिनं त्याला मेलेलाच धरला होता. रामदासला ते आठवलं असावं. त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, "तासाभरात येतो," म्हणाला आणि जिना उतरला.

ती गॅलरीच्या कठड्याशी उभी राहिली. भाकऱ्यांचा प्रश्न आता तिच्या मनात कुठल्या कुठं गेला होता. खालून जाणारा प्रत्येक पांढरा सदरा तिला रामदासचा वाटे. बकुळा शेजारी येऊन उभी राहिली. नव्या साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "आक्का, नाही जमलं तरी चालेल गं. भावोजी परत येऊ देत."

पावणेदोनला ते चौघं चाळीच्या फाटकातून आत आले. पुढं रामदास, मागं उंच, काळेसावळे बाबुराव, त्यांच्यामागं त्यांची बायको राधाबाई आणि चंदू. चिंचपोकळीपासून चालत आले होते. राधाबाईंच्या वहाणेचा अंगठा तुटला होता आणि त्या अनवाणीच होत्या. गुणवंतीनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"फार उशीर झाला. आधी जेवू," बाबुराव म्हणाले.

मग गुणवंतीला भाकऱ्या आठवल्या.

पानं वाढली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाबुरावांनी भाजी पाहिली, उसळ पाहिली, मग भाकरी उचलून उजेडाकडे धरली.

"तीळ लावलेत."

चंदूचा हात घासासकट थांबला. 'सासूबाई म्हातारं माणूस आहे, त्यांनी लावले,' हे शब्द गुणवंतीच्या जिभेवर आले होते. पण शेगडीपाशी पाठमोरी बसलेली म्हातारी तिला दिसत होती.

"हो," ती म्हणाली. "मी लावले."

"खोटं बोलती," तुळसाबाई न वळता म्हणाल्या. "म्या लावलं. ती नगं म्हनत व्हती. डबा दडवून ठिवला व्हता तिनं."

"का लावलेत?" बाबुरावांनी विचारलं.

"थंडी हाय. बाजरीला तीळ लागत्यात. अंगात ऊब ऱ्हाती. त्यात देव कुठं हाय?"

बाबुरावांनी भाकरी ताटात ठेवली. "थंडी तर कालही होती. काल लावले होते?"

रामदास चुळबुळला. तुळसाबाई आता वळल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आज भोगी म्हनूनच लावलं. खोटं कशाला बोलू? देव म्या माझ्या हातानं समिंदरात सोडलं. बाबांनी सांगितलं, म्हनून सोडलं. रडले न्हाई. पन सकाळी पीठ मळलं आन् हात आपसूक तिळाकडं गेला. पन्नास वर्सं जातोय त्यो. त्येला काय सांगू?"

राधाबाईंनी मान खाली घातली. बाबुराव उठणार, आता उठणार, असं गुणवंतीला वाटत राहिलं. त्यांच्या डाव्या हाताचा पंजा जमिनीवर टेकलेला होता.

"माझ्या आईनं देव दिले नाहीत," ते अखेर म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी मागितले तर गाठोड्यात बांधून गावी निघून गेली. महिना झाला, निरोप नाही. तुम्ही सोडलेत, हे मोठं काम केलंत."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीला लावला. "पण पुढच्या वर्षी तीळ लावू नका, आजी. एकेक करत सगळं परत घरात येतं."

"फुडच्या वर्साचं फुडच्या वर्सी," तुळसाबाई म्हणाल्या आणि बाबुरावांच्या पानात दुसरी भाकरी वाढली. त्यांनी ती नको म्हटली नाही, पण अर्धी टाकली.

जेवणानंतर बकुळाला प्रश्न विचारले गेले. शिकलीस किती, वर्तमानपत्र वाचतेस का, संयुक्त महाराष्ट्र कशाला हवा? शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "आमच्या गिरण्या-गोद्या इथं आहेत म्हणून," आणि चंदू पहिल्यांदा हसला. बाबुराव हसले नाहीत. निघताना फक्त "कळवतो" म्हणाले.

मग वाट बघणं सुरू झालं. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुणवंती रामदासला रोज विचारायची आणि तो रोज नाही म्हणून मान हलवायचा. तुळसाबाई जेवेनाशा झाल्या. बुधवारी त्या आपणहून म्हणाल्या, "माझ्यापायी मोडलं तर पोरीला कसं तोंड दाखवू?" गुणवंतीनं त्यांचं ताट पुढं सरकवलं. राग होता, पण तो कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी रामदास सभेहून आला तो जिन्यावरूनच हाका मारत. बाबुरावांनी गर्दीतून वाट काढत येऊन त्याला गाठलं होतं. मुलगी पसंत आहे. चंदूनं तर त्याच दिवशी ट्रामच्या नाक्यावर सांगितलं होतं. इतके दिवस लागले कारण बाबुराव गावी जाऊन आले. आईला आणायला. आई आली नाही, पण लग्नाला येईन म्हणाली.

गुणवंती बकुळाशेजारी जाऊन बसली. बकुळानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग बकुळानं हळूच विचारलं, "आक्का, आपल्यात लग्न आता कसं लावतात गं?"

गुणवंतीनं रामदासकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं. नव्या पद्धतीनं या चाळीत अजून एकही लग्न लागलं नव्हतं.

"विचारून येतो फेडरेशनच्या ऑफिसात," तो म्हणाला.

"इचार," तुळसाबाई काळजीनं म्हणाल्या. "अक्षता तरी ठेवल्यात का, त्ये आधी इचार."