सतरा नंबरचं झाड

त्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्राध्यापक पाच होते आणि विभाग चालवायच्या मावशी. कागदोपत्री त्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. काचपट्ट्या धुवायच्या, कुंड्यांना पाणी घालायचं, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडून काढायच्या, हे त्यांचं काम. पण रविवारी पहाटे पायात कॅनव्हासचे बूट चढवून त्या कॉलेजमागच्या टेकडीकडे निघाल्या, की भल्याभल्यांना त्यांच्या मागून चालताना धाप लागायची. वय अठ्ठावन्न. जीभ धारदार. डोळे तर असे, की वीस पावलांवरच्या पानाखाली दडलेला किडा त्यांना दिसायचा आणि मुलांना हातात दिल्यावरसुद्धा सापडायचा नाही.

अशा बाईच्या तावडीत आमची गोगलगाय सापडली, ती निव्वळ आळसापोटी. ती संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. पास व्हायचं तर वर्गाबाहेरच्या एखाद्या उपक्रमात चाळीस तास भरावे लागत. चेंडू दिसला की ती डोळे मिटून घेत असे, तेव्हा खेळ बाद. पाण्याची भीती, तेव्हा पोहणं बाद. यादीच्या तळाशी ‘निसर्गफेरी, दर रविवारी’ असं दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. फेरी म्हणजे चालणं, आणि चालणं तर आपल्याला जन्मापासून येतं, असा तिचा हिशेब.

पहिल्या रविवारी ती माथ्यावर पोचली तेव्हा बाकीच्यांचे डबे खाऊन झाले होते.

“आली का गोगलगाय? चला, उतरू या,” मावशी म्हणाल्या. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव त्या दिवशी गेलं ते गेलंच.

पावसाळा चालू होता. टेकडीवर धुकं इतकं दाट, की पुढच्याची पाठपिशवी दिसली तरी नशीब. गोगलगाय चिखलात घसरायची, उठायची, पुन्हा घसरायची, आणि मनातल्या मनात उरलेले तास मोजायची. सदतीस. चौतीस. एकतीस. मग एका रविवारी ती दम खायला एका दगडाला टेकली आणि तिला शेजारच्या फांदीवर कोळ्याचं जाळं दिसलं. त्याच्या प्रत्येक धाग्यावर पाण्याचे थेंब, आणि मधोमध मालक निवांत बसलेला. ती बघत राहिली. मागे मावशी कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलंही नाही.

“बाकीचे इथून धडाधड पुढे गेले,” मावशी म्हणाल्या. “चालायचं काय, कोणीही चालतं. थांबता येणाऱ्या माणसाची मी किती वर्षं वाट बघतेय.”

त्यानंतर गोगलगायीनं तास मोजले नाहीत. चाळीसाचे पन्नास झाले, पन्नासाचे सत्तर. ती ओढ्याच्या वाटेनं चढायला शिकली, कुजक्या ओंडक्यावरच्या कुत्र्याच्या छत्र्या ओळखायला शिकली, आणि पाऊस ओसरल्यावर ओढ्याच्या डोहात गळ्यापर्यंत उतरून, घाबरत घाबरत, चार हात पोहलीसुद्धा. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “अगं, इथे केर काढायला सांगितला तर तुझी कंबर धरायची. तिथे डोंगर चढतेस? आणि झाडं बघायला? आपल्या दारात काय कमी झाडं होती?” गोगलगाय हसली. दारातली झाडं तिनं कधी पाहिलीच नव्हती, हे तिला आत्ता कुठे कळत होतं.

मावशींचा खरा जीव होता सतरा नंबरवर. फार पूर्वी कुणा प्राध्यापकांनी टेकडीवरच्या वीस झाडांना क्रमांकाच्या पत्र्याच्या पाट्या बांधल्या होत्या. पहिलं पान कधी फुटतं, पहिलं फूल कधी येतं, शेवटचं पान कधी गळतं, हे दर रविवारी नोंदवायचं. दोन वर्षांत प्राध्यापकांचा उत्साह संपला, ते बदलून गेले. एकेक पाटी गंजून पडली. सतरा नंबर मात्र मावशींनी सोडला नाही. निळ्या पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल, कारण शाई पावसात पसरते, आणि एकच नियम: पाहिलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही. एकोणतीस वर्षं झाली होती. आता कुठे शास्त्रज्ञांना ऋतू पुढेमागे सरकताहेत याची काळजी लागली होती, आणि एकाच झाडाच्या इतक्या वर्षांच्या नोंदी शोधत दुरून लोक या विभागात येत होते. मावशी त्यांना चहा देत आणि वही दाखवत. लोक आकडे उतरवून घेऊन जात.

तिसावं वर्ष पुरं झालं की मावशी निवृत्त होणार होत्या. आणि नेमका त्याच वर्षी त्यांचा गुडघा बिघडला. पाऊस सरता सरता शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी टेकडीचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं. दवाखान्यातल्या खाटेवरून मावशींनी निळी वही गोगलगायीच्या हातात ठेवली.

“एक रविवार चुकवलास तर बघ,” एवढंच त्या म्हणाल्या. पण वही सोडताना त्यांची बोटं जरा रेंगाळली.

तिनं एकही रविवार चुकवला नाही. उलट तिचा उत्साह जरा जास्तच झाला. पाटीवरचा सतराचा आकडा पुसट झाला होता, तो नव्यानं रंगवून मावशींना खूश करायचं तिनं ठरवलं. पाटी सोडवली, वसतिगृहात आणली, पांढऱ्या रंगावर काळा आकडा सुबक काढला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बांधली. झाड ओळखणं सोपं होतं. तिथे एकाच जातीची दोन झाडं दहा पावलांवर उभी होती आणि आपलं डावीकडचं. फक्त त्या दिवशी ती नेहमीच्या पायवाटेनं न येता, डोहात पाय बुडवायच्या मोहानं, ओढ्याच्या बाजूनं चढून आली होती. टेकडीच्या त्या अंगानं आलं की डावं उजवं होतं. धुक्यात, ओल्या शेवाळानं मढलेले दोन्ही बुंधे सारखेच हिरवे दिसत होते. तिनं पाटी बांधली, तार नीट सैल ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन शीळ घालत उतरली.

मग थंडी आली. गोगलगायीच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर थंडी. रविवारी गवतावर दव इतकं, की बूट निथळायचे. माथ्यावरचा मोठा कातळ उन्हानं तापला की ती त्यावर पालथी पडून खालच्या शहराकडे बघत राही. शनिवारी दुपारी उसनी सायकल घेऊन तळ्यावर जायचं आणि दूरदेशाहून आलेली बदकं मोजायची, हे नवं वेड लागलं होतं. नवी पाटी लांबूनच चमकायची, तेव्हा डावं-उजवं बघायची गरजच उरली नव्हती. झाडाखाली बसून पानं गळताना पाहायची, वहीत लिहायचं: ‘निम्मी गळाली.’ ‘अकरा उरली.’ ‘शेवटचं पान आज, माझ्यासमोर.’ ते पान पडताना तिनं श्वास रोखून धरला होता. मंगळवारी विभागात जाऊन ती हे सारं मावशींना वाचून दाखवायची. काठी टेकून काचपट्ट्या पुसणाऱ्या मावशी डोळे मिटून ऐकायच्या.

ऊन तापायला लागलं आणि झाड कळ्यांनी भरलं. पहिलं फूल उमललं त्या रविवारी गोगलगाय टेकडीवर एकटीच नाचली. तिनं तारीख लिहिली. त्या आठवड्यात विभागप्रमुखांनी ती तारीख घेऊन मोठ्या कागदावरच्या तक्त्यात तिसावी लाल टिकली चिकटवली. मावशींच्या निरोप समारंभात तो तक्ता लागणार होता.

समारंभाला सहा दिवस उरले असताना, रविवारी, गोगलगाय पाणी पीत उभी होती. उन्हानं बुंध्यांवरचं शेवाळ वाळून खपल्यांसारखं गळून पडलं होतं. तिची नजर सहज शेजारच्या झाडावर गेली आणि तिथेच खिळली. बरोबर छातीच्या उंचीवर, बुंध्याला वेढून, सालीत एक वळ होता. करंगळीएवढा रुंद, गोल, जुना. एकोणतीस वर्षं तार बांधल्याचा वळ.

तिनं रंगवलेली पाटी ज्या झाडावर झुलत होती त्याची साल सरळ, कोरी होती.

सहा महिने. शेवटचं पान, पहिली कळी, पहिलं फूल. सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं, आणि सगळं भलत्याच झाडाचं.

तिनं पाटीची तार सोडली. दहा पावलं चालली. वळाच्या खाचेत तार अलगद बसली, जशी काही तिथून कधी हललीच नव्हती. झालं. कुणाला कळणार होतं? दोन्ही झाडं एका जातीची. फुलायला फार तर चार दिवसांचा फरक, किंवा तेवढाही नाही. तिनं त्या रविवारची नोंद करायला वही उघडली. वरच्या ओळीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पहिलं फूल’. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. खाली काहीही लिहिलं तरी वरची ओळ खरी आहे असं म्हटल्यासारखं होणार होतं. ती अर्धा तास तशीच बसली. मग काही न लिहिता वही मिटून उतरली.

खोलीतली मैत्रीण अंथरुणातूनच म्हणाली, “वेडी आहेस का? तीस वर्षं पूर्ण होतायत, बाईंचा सत्कार आहे. पाटी लावलीस ना परत? मग गप्प बस. झाडं काय तक्रार करणार आहेत?”

“मावशींचं शेवटचं वर्ष आहे गं.”

“म्हणूनच सांगतेय. त्यांच्या शेवटच्या वर्षाची माती करू नकोस.”

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि सकाळी नऊच्या ठोक्याला विभागात हजर झाली. मावशी मोरीपाशी नळ्या धूत होत्या. गोगलगायीनं सगळं सांगितलं. ओढ्याची वाट, डावं-उजवं, शेवाळ, वळ. रडणार नाही असं ठरवून आली होती, पण ते काही जमलं नाही.

मावशींनी नळ बंद केला.

“वही ठेव तिथे,” त्या म्हणाल्या. मग नळ पुन्हा सुरू झाला.

बस, एवढंच. मंगळवार गेला, बुधवार गेला. गोगलगाय दोनदा विभागाच्या दारापर्यंत जाऊन परतली. मावशी तिच्याशी बोलल्या नाहीत. गुरुवारी तर त्या कामावरच आल्या नव्हत्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या कुणाचं तोंड नको म्हणून ती तळ्यावर गेली, पण बदकं कधीच परत गेली होती.

शनिवारी सभागृह भरलं. ती सगळ्यात मागच्या रांगेत बसली. व्यासपीठावर तक्ता लावला होता आणि त्यावर तीस लाल टिकल्या. विभागप्रमुख भरभरून बोलले. तीस वर्षांची अखंड साधना, असं ते तीनदा म्हणाले. मग मावशी काठी टेकत उठल्या.

“एकोणतीस,” त्या म्हणाल्या.

विभागप्रमुख हसले. “तीस, मावशी.”

“एकोणतीस, सर. यंदाची टिकली दुसऱ्या झाडाची आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. गोगलगायीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशी थांबल्या नाहीत.

“परवा मी वर जाऊन आले. डॉक्टरांना सांगू नका. चढायला तीन तास लागले. वळ पाहिला, तार पाहिली. मुलीनं सांगितलं ते सगळं तसंच आहे, आणि ते मी वहीत लिहून ठेवलंय. चार दिवस मला तिचा इतका राग आला होता, की तोंड उघडलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं बोलून बसले असते. मग झाडाखाली बसले, तेव्हा डोकं जरा थंड झालं.” त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. “सर, इतक्या वर्षांत कितीतरी मोठी माणसं येऊन माझे आकडे घेऊन गेली. हे खरे कशावरून, असं मला एकानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मी म्हणते म्हणून खरे, एवढंच. ही मुलगी पाटी गुपचूप बदलून गप्प बसू शकत होती. मेलं कुत्रं विचारणार नव्हतं. तिनं येऊन सांगितलं. आता कुणी विचारलं ना, तर त्याला हे वर्ष दाखवा. जी वही आपली चूक लिहून ठेवते, तिच्यातलं बाकीचं खरं असतं.”

मागच्या रांगेत गोगलगाय ढसाढसा रडत होती आणि मैत्रीण तिला कोपरानं ढोसून, “अगं उठ ना, तुझ्याबद्दल चाललंय,” असं सांगत होती.

“ही आमची गोगलगाय,” मावशी बोट दाखवून म्हणाल्या. “वही आता तिची. दोन्ही झाडं बघेल. आणि सर, ती टिकली काढा.”

विभागप्रमुख क्षणभर घुटमळले. मग खुर्चीवरून उठले, तक्त्याजवळ गेले आणि नखानं तिसावी टिकली खरवडायला लागले. डिंक पक्का होता, निघता निघेना. निघाली तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.