स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात

हेमकांत आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली शेवटची चौदा शहादा ते तोरणमाळ. राणीपूर मागे पडलं की घाट लागतो. काही वळणांवर बसचं तोंड आधी दरीवर जातं आणि मग रस्ता दिसतो. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडाही आला नाही. निवृत्तीच्या सत्कारात एका वक्त्याने सांगितलं की भीती हा शब्द आप्पांना माहीतच नाही, तेव्हा आप्पांनी शालीतून मान डोलावली होती.

म्हणून गेल्या मे महिन्यात सुरतच्या विमानतळावर जे झालं, ते फक्त आप्पांना आणि त्यांच्या बायकोला, शीलाबाईंना माहीत होतं.

त्यांची मुलगी चेतना बंगळुरूला नोकरी करते. तिचं बाळंतपण आलं होतं. तिने दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. त्यांच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत, इथपर्यंत आप्पा नेहमीसारखे बोलत होते. विमानतळाच्या दारावर जवानाने ओळखपत्र मागितलं आणि आप्पा म्हणाले, "घरी राहिलं."

ओळखपत्र त्यांच्या शर्टाच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. जवानाने ते पाहिलं, शीलाबाईंनीही पाहिलं. आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शीलाबाई आपलं कार्ड दाखवून, पिशवी सावरत एकट्याच आत गेल्या. त्यांचीही ती पहिलीच वेळ होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"कसं व्हतं?" आप्पांनी विचारलं.

"बससारखं. फक्त खड्डा नहीत."

चेतनाला मुलगी झाली. आप्पांनी नात पाहिली ती मोबाइलवर. ती पालथी पडली, बसायला लागली, पहिला दात आला, सगळं मोबाइलवरच. चेतनाला रजा मिळेना आणि आप्पांची कारणं संपेनात. पपईची तोडणी, मग केळीला पाणी, मग ब्लडप्रेशर. वर्ष असंच गेलं. आता नातीचा पहिला वाढदिवस आला आणि पुन्हा दोन तिकिटं आली.

"मी रेल्वेने येतो," आप्पा फोनवर म्हणाले. त्यांनी शहाद्याला जाऊन चौकशी केली. सुट्ट्यांचे दिवस, वेटिंग शंभराच्या वर गेलेलं.

"मी तर विमानमा जाशु," शीलाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तुम्हनं तुम्ही देखा."

आप्पा तसेच शहाद्याच्या स्टँडवर गेले. तोरणमाळची गाडी लागली होती आणि दाराशी रूपसिंग उभा होता. रूपसिंग पावरा चौदा वर्षं त्यांच्या गाडीवर कंडक्टर होता, त्यांच्याहून वयाने लहान, अजून नोकरीत. चहा हातात घेऊन आप्पांनी त्याला सांगून टाकलं.

"रूपसिंग, माले विमानमा भेव लागस."

रूपसिंग हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. "गाडीमा बठा आप्पा. गाडीमा बोलूत."

आप्पा सवयीने केबिनकडे वळले. तिथे आमशा नावाचा तिशीतला ड्रायव्हर बसलेला होता. रूपसिंगने त्यांना मागची, खिडकीजवळची सीट दाखवली. शेजारी छबूबाई होती, तोरणमाळजवळच्या पाड्यावरची. आमचूर विकून रिकाम्या फडक्याची घडी करत होती. आप्पांच्या गाडीतून तिने वर्षानुवर्षं ये-जा केली होती.

म्हसावदपर्यंत आप्पा ऐटीत बसले. राणीपूर गेलं, घाट सुरू झाला, आणि आप्पांचं सगळं अंग आखडलं. हा पोरगा गिअर उशिरा टाकतो. हॉर्न का दिला नाही? बाहेरून का घेतो आहे? समोरच्या सीटचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पुढचं वळण आलं तसा त्यांचा उजवा पाय खाली जोरात दाबला गेला. त्याच्या पुढच्या वळणालाही.

"दादा," छबूबाई म्हणाली, "तठे ब्रेक नही शे."

आसपासची दोन-तीन माणसं हसली. आप्पांनी पाय मागे घेतला. छातीत धडधडत होतं आणि तळहात ओले झाले होते. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. सुरतेला त्या दारापाशी अगदी असंच झालं होतं. पण इथे तर विमान नव्हतं. इथे त्यांचीच गाडी होती, त्यांचाच घाट. फक्त स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं.

चौदा वर्षांत ते या घाटात एकदाही नुसते बसले नव्हते.

"छबूबाई, तुले नही लागस भेव?"

"लागस ना. तुम्ही चालाडेत तव्हय बी लागे."

आप्पांना ते जरा लागलं. आपल्या गाडीत कुणी घाबरत असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या मागे चाळीस-पन्नास माणसं बसायची आणि त्यांना वाटायचं, सगळे निवांत आहेत.

"मंग तू काय करस?"

"पहिले दरीकडे देखू. मंग जास्तीच लागे. आते रूपसिंगकडे देखस. रोजना माणूस शे. तो गप्पा मारी ऱ्हायना म्हणजे सगळं बरं शे."

रूपसिंग पुढे एका म्हाताऱ्याशी बोकडाच्या किमतीवरून वाद घालत होता. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. दोन वळणं गेली. हाताची पकड थोडी सैल झाली.

तोरणमाळला उतरल्यावर ते आमशाजवळ गेले. त्यांनी त्याला गिअरबद्दल काही सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं, "चांगली चालवतो रे." परतीच्या वेळी त्यांनी केबिनजवळ बसायला मागितलं, तेव्हा रूपसिंगने मान हलवली.

"नही आप्पा. मांगेच."

पुढच्या दोन आठवड्यांत आप्पा पाच वेळा तोरणमाळला गेले. शीलाबाईंना संशय आला. गावात विचारपूस झाली, तिथे काही जमीन घेताय का, म्हणून. आप्पा कुणाला काही सांगत नव्हते. एखाद्या फेरीत भीती अगदी पहिल्यासारखी यायची, एखाद्या फेरीत राणीपूरनंतर आठवणही व्हायची नाही. पाचव्या वेळी घाट उतरताना त्यांनी खिडकीतून दरी पाहिली. चौदा वर्षांत त्यांना ती नीट बघायला मिळाली नव्हती. खाली कुणाचं तरी कौलारू घर होतं आणि अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी चेतनाला फोन लावला. "मला विमानाचं सगळं सांग. कुठला आवाज कशाचा. कधी हलतं, का हलतं."

वर्षभराची कारणं कशासाठी होती ते चेतनाला कळलं, पण पपईचं नाव न काढता तिने सांगायला सुरुवात केली. सुटताना इंजिनाचा जोर वाढतो, पाठ सीटला चिकटते. वर गेल्यावर खालून धप्प आवाज येतो, ती चाकं आत घेतलेली असतात. मग इंजिनाचा आवाज कमी होतो, ते बंद पडलं असं वाटतं, पण बंद पडत नाही. ढगांत हादरे बसतात, कच्च्या रस्त्यासारखे. आप्पा फेऱ्या नोंदवायच्या जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होते.

"आणि पप्पा, पुढे दोन पायलट असतात."

"दोन?" आप्पांनी पेन थांबवलं. "बरोबरीचे? दोघांना चालवता येतं?"

"हो."

"आम्हाला सुट्टीला बदली ड्रायव्हर मिळायचा नाही," आप्पा म्हणाले. ते खरोखर खूश झाले होते.

सुरतेच्या दारावर आप्पांनी न मागता ओळखपत्र पुढे केलं. विमानात चढताना पाय एकदा अडखळला. शीलाबाईंनी खिडकीची जागा घेतली, आप्पा मध्ये, आणि पलीकडे सोनेरी चष्म्याचे एक गृहस्थ बसले. हुकमीचंद जैन, नंदुरबारला कापडाचं दुकान. नाव-गाव सांगून झालं आणि ते डोळे मिटून जप करू लागले.

विमान धावायला लागलं. पाठ सीटला चिकटली. आप्पांनी शीलाबाईंचा हात धरला, इतका घट्ट की बांगड्या त्यांच्या मनगटाला रुतल्या. जमीन सुटली. पोट खाली राहिलं आणि बाकीचे आप्पा वर गेले. मग खालून आवाज आला, धप्प.

हुकमीचंदांनी डोळे उघडले. चेहरा पांढरा पडला होता. "काय तुटलं?"

"काही नाही तुटलं," आप्पा म्हणाले. "चाकं आत घेतली. आता इंजिनाचा आवाज कमी होईल. घाबरू नका, बंद नाही पडत ते."

आवाज कमी झाला. हुकमीचंदांनी आप्पांकडे आदराने पाहिलं. "तुमचं नेहमीचं येणं-जाणं दिसतं."

"पहिलीच वेळ," आप्पा म्हणाले. शीलाबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या.

अर्ध्या तासाने ढग आले आणि विमान हादरू लागलं. कागदावर लिहिलेलं आठवत असूनही आप्पांचं तोंड कोरडं पडलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. पुढे निळ्या कपड्यांतली हवाईसुंदरी रिकामे पेले गोळा करत येत होती. एका हादऱ्याला तिने सीटला हात टेकवला, तोंडावर हात धरून एक जांभई दिली आणि पुढचा पेला उचलला.

"तिच्याकडे बघा," आप्पांनी हुकमीचंदांना कोपराने खुणावलं. "रोजचं माणूस आहे. तिला झोप येते आहे."

दोघे वयस्क पुरुष मग त्या बिचाऱ्या मुलीकडे एकटक बघत बसले. शेवटी तिने येऊन विचारलं, "अंकल, कुछ चाहिए?" आप्पांनी पाणी मागितलं आणि हुकमीचंदांनीही.

बंगळुरूला उतरल्यावर हुकमीचंदांनी दुकानाचं कार्ड दिलं आणि परतीचा दिवस विचारून घेतला. बाहेर चेतना उभी होती, कडेवर नात. नातीने आप्पांचा चेहरा नीट तपासला, मोबाइलमधला माणूस एवढा मोठा कसा, अशा नजरेने. मग तिने हात पुढे केले आणि त्यांच्याकडे झेपावली. आप्पा तिला सामानाच्या ट्रॉल्या दाखवत राहिले.

गाडी चेतना चालवणार होती. शीलाबाई पुढे बसल्या. नातीला तिच्या सीटमध्ये बांधून आप्पा शेजारी मागे बसले. नातीने त्यांची करंगळी मुठीत धरली.

"पप्पा, रस्ता फार गर्दीचा आहे," चेतना आरशात बघत म्हणाली. "तुम्ही ओरडू नका हं माझ्यावर."

तिने पुन्हा आरशात पाहिलं. आप्पांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

"झोपू दे," शीलाबाई म्हणाल्या, आणि चेतनाने रेडिओ बंद केला.