दुसरा महिना

ग्रहण संध्याकाळी लागणार होतं आणि सासूबाईंनी मला भर दुपारीच खोलीत कोंडलं. आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून स्वतःच बसल्या. मला आठवा महिना. आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी नवऱ्याच्या गावी आले होते, सिंदेवाहीजवळ, तलावाकाठच्या ढिवरांच्या वस्तीत. खिडकीला गोणपाट, आत ऑगस्टचा उकाडा, वर आभाळ असं गच्च की ग्रहण दिसायचीही आशा नाही. हातपाय सरळ ठेवून पडायचं, खाजवायचं नाही, काही चिरायचं-मोडायचं नाही, लघवीलाही उठायचं नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेत माशांचे गर्भ बघत वर्षं काढलेली मी, नव्व्याण्णव सालात, एका कडीपुढे हात टेकून पडले होते. नुसता संताप होत होता.

सासू कजाग असती तर मी दोन शब्द सुनावले असते. पण देवकाबाई मला सुपाने वारा घालत होत्या, स्वतः घामाने निथळत होत्या. त्यांच्या भीतीचं कारण अंगणात जाळं विणत बसलं होतं. माझी नणंद मंगली फाटलेला ओठ घेऊन जन्मली होती.

ऐंशी सालच्या ग्रहणात देवकाबाईंचं पोट माझ्यासारखंच पुढे आलेलं. गाव दारं लावून बसलं होतं आणि सासरे तलावावरून टोपलीभर मासे घेऊन आले. मासा ग्रहण सुटायची वाट बघत नाही, तो सडतो. आणि ढिवराच्या घरात मासळी सडू देणं हेही पापच. दोन पापांतलं एक देवकाबाईंनी निवडलं, पावशीवर, म्हणजे विळीवर, बसल्या आणि मासे कापले. पुढे मंगली झाली. सुईणीने बोल लावला, सासूने लावला, नवऱ्याने लावला. मंगलीला बघायला कोणी आलं, की पाणी देण्याआधी त्या स्वतःच सांगून मोकळ्या होत, की पोरीत खोट नाही, खोट माझ्या हाताची आहे. पाहुणे चहा पिऊन जात.

दिवस कलला आणि मला राहवेना. कडी काढा म्हटलं.

"नको, पोरी," त्या म्हणाल्या. "माह्यावानी नको करू."

त्या एका वाक्याने माझा तोल गेला. म्हटलं, आज यांना सगळं सांगूनच टाकते. माशाचं अंडं काचेसारखं असतं, मी सांगितलं, आत काय चाललंय ते भिंगातून दिसतं. त्यातल्या प्रत्येक पेशीजवळ अख्खं नाटक असतं, पण आपण कुठलं बोलणं बोलायचं हे तिला आपलं आपण कळत नाही. मधल्या ओळीतल्या काही पेशी एक द्रव्य सोडतात. जवळच्यांना ते जास्त मिळतं, लांबच्यांना कमी, आणि त्यावर कोणती जनुकं जागी व्हायची ते ठरतं. कोणी डोळा व्हायचं, कोणी जबडा.

त्यांना हे पटकन उमगलं. हिवाळ्यात वडशाच्या मंडळ्यांची नाटकं गावोगाव येतात, त्या एकही सोडत नाहीत. पडद्याआडून सांगणारा प्रॉम्प्टर तो, त्या म्हणाल्या, आणि त्याचा आवाजच गेला तर? मी म्हटलं, तेच तर मी करत होते. पाण्यात एक औषध घालून त्या द्रव्याचं काम बंद पाडायचं. अगदी सुरुवातीला घातलं तर दोन डोळ्यांचा एकच डोळा व्हायचा. तेच औषध दुसऱ्या दिवशी घातलं, की डोळ्यांना काही होत नसे. पहिल्या अंकात आलेला नट तिसऱ्या अंकातल्या गोंधळाने मागे फिरत नाही.

मग मी मुद्द्यावर आले. "माणसाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळते, आत्याबाई. तुम्ही मासे कापले तवा मंगलीचा ओठ कवाचाच बनून गेला होता. त्या पावशीचा काई संबंध नाई."

सूप थांबलं. मला वाटलं, आता रडतील, हलक्या होतील. आपण केवढं मोठं काम केलं असंही वाटलं. त्यांनी कडी काढली. त्यांचा विश्वास बसला होता. मी परसात जाऊन आले. मंगलीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा जाळं विणायला लागली.

परत आले तर देवकाबाई तिथेच, बोटांची पेरं मोजत होत्या. दुसरा महिना म्हणजे भाताच्या रोवण्याचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून होत्या. ताप आला होता, कोणीतरी गोळ्या दिल्या होत्या. एकदा बांधावरून घसरल्या. सासूशी भांडून उपाशी झोपल्या होत्या, तेही तेव्हाच. यातलं कोणतं, त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, यातलं काहीच नसेल. कधी कधी तो आवाज कमीच पडतो. स्वच्छ पाण्यातली, काही न घातलेली अंडीसुद्धा कधी बिघडायची, का ते आम्हालाही कळत नसे.

त्यांनी मोजणारी बोटं मिटली.

"कापल्याचं तरी मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "एकच दिवस होता तो. आता मी कोनते कोनते दिवस आठवू, रीता?"

बाहेर अंधारून आलं, ग्रहणाने की ढगांनी कोण जाणे. कडी उघडी होती आणि त्या दारापासून बाजूला सरकल्या होत्या; मला कोणी अडवत नव्हतं. मी आडवी झाले, हातपाय सरळ ठेवले आणि हलले नाही.

नागपूर मी होळीनंतर सोडलं. म्हणजे माझा दुसरा महिना प्रयोगशाळेतच गेला होता. त्या औषधाची बाटली रोज मीच उघडायची. हातमोजे घालायचे, बहुतेक वेळा. मी एकेक दिवस आठवायला लागले.