साहेबांच्या चवीची वाटी

मी एक जुनी पितळी वाटी आहे. होळेकट्टेच्या तुरुंगातल्या कोठीघरात, मोडक्या तराजूच्या शेजारी पालथी पडून आहे. अंगावर हिरवट गंज चढला आहे आणि पोटातली कल्हई केव्हाच उडून गेली आहे. मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलेत तर आधी नाक मुरडाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. पण एके काळी सहाशे माणसांचे जेवण माझ्यावाचून अडायचे. ही बढाई नव्हे, तसा नियमच होता.

मला घडवले तुंगा नदीच्या काठावरच्या एका कासाराने. कडेवर त्याचा एक ठोका चुकला आणि मला पोचा पडला. लग्नाच्या भांड्यांत मला कोणी घेईना. शेवटी तुरुंगासाठी मोठे हंडे खरेदी झाले, तेव्हा त्यांच्यावर वरकड म्हणून त्याने मला देऊन टाकले. "जा बाई, पोचे आलेल्यांचंच घर आहे ते," असे तो हसत म्हणाला. मला तेव्हा फार राग आला होता.

माझे काम सोपे होते. सकाळी दहाला आणि दुपारी चारला आचारी हंड्यातली हुळी, म्हणजे तिकडची चिंचेची आंबट आमटी, माझ्यात भरायचा. केळीचे पान झाकून मला अधीक्षकांच्या टेबलावर ठेवायचा. तुरुंगाच्या मोठ्या साहेबाने आधी चाखायचे, वहीत 'चव घेतली, योग्य आहे' असे लिहून सही करायची, आणि मगच घंटा व्हायची. माझ्या आयुष्यात सात साहेब आले. एक साहेब कारकुनाला चाखायला लावायचा. एकाने तर मला आपल्या कुत्र्यापुढे सरकवले, कुत्र्याने शेपूट हलवली आणि साहेबाने सही केली.

मग वीरभद्रय्या आले. तुरुंग चालवणे म्हणजे काय, ते मी त्यांच्या टेबलावर बसून शिकले.

साहेबांच्या कमरेला कधी किल्ली दिसली नाही. जेलर उडुपा नवे होते तेव्हा साहेब त्यांना म्हणाले, "किल्ल्या शिपायाकडे असतात, उडुपा. आपल्याकडे कान हवेत. बराकीत आरडाओरडा असला तर खुशाल चहा प्या. बराक गप्प झाली की मात्र चप्पल घालायलासुद्धा थांबू नका."

साहेबांची फेरी रोज वेगळ्या वेळी आणि वेगळ्या दाराने व्हायची. संध्याकाळच्या मोजणीत एक डोके कमी भरले तर ते सापडेपर्यंत ते पाणीही पीत नसत. कैद्यांची पत्रे वाचणे हे त्यांच्या कामातच होते. पण घरून वाईट बातमी आली की ते पत्र शिपायाच्या हाती देत नसत. त्या माणसाला बोलावून समोरच्या स्टुलावर बसवायचे आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचे. सोमवारच्या परेडला कैदी आपापले तिकीट, म्हणजे शिक्षेच्या नोंदीचा कागद, धरून रांगेत उभे राहात, आणि साहेब प्रत्येकापुढे थांबत. 'बघतो' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. होणार असेल तर 'होईल', नाहीतर 'होणार नाही'. कैदी त्यांना स्वामी म्हणत. ते म्हणायचे, "स्वामींचं 'नाही'सुद्धा खिशात ठेवता येतं."

आणि त्यांची जीभ! आज मीठ कोणाच्या हाताने पडले, डाळ कोणत्या पोत्यातली, हे त्यांना एका थेंबात कळायचे. पितळेच्या हंड्यांची कल्हई झिजू लागली की आंबट पदार्थ कळकतो, हे तुमच्या आजीला ठाऊक असेल. साहेबांना ते आठवडाभर आधी कळायचे. "हालप्पा, हंडा बोलायला लागला रे," असे ते म्हणायचे आणि त्याच दिवशी कल्हईवाला भाता घेऊन दारात हजर व्हायचा. माझीही कल्हई तेव्हाच व्हायची. या तुरुंगात झाडूच्या काड्यांचीही नोंद होती. कल्हईची तेवढी नव्हती. साहेबांची जीभ हीच तिची वही होती.

हालप्पा म्हणजे आमचा आचारी. सुपारीच्या बागेच्या बांधावरून भांडण झाले, रागाच्या भरात त्याने कोयता उचलला आणि जन्मठेप घेऊन आत आला. तेरा वर्षे तो त्या चुलीपुढे होता. त्याची बायको देवक्का दर दोन महिन्यांनी डोंगरातून दोन बस बदलून भेटीला यायची. येताना अप्पेमिडीचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे लोणचे आणायची. हालप्पा त्यातली एक कैरी माझ्यात घालून साहेबांकडे पाठवायचा.

"तुझ्या बायकोच्या हाताला मिठाचं माप देवाने दिलंय," साहेब म्हणायचे.

"हो स्वामी. म्हणून तर मला घरी चुलीजवळ फिरकू देत नव्हती," हालप्पा हसायचा.

एका वर्षी पंधरा ऑगस्टला सुटणाऱ्यांच्या यादीत हालप्पाचे नाव साहेबांनीच घातले होते. विचारले तेव्हा ते 'होईल' म्हणाले होते. देवक्काने घराला नवी कौले घातली, असे तिच्या पत्रात होते.

त्याच्या आदल्या वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, साहेब फेरीवर असताना तटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. तीन आठवड्यांनी ते परत आले, चालणे तेच, आवाज तोच. सकाळी त्यांनी मला तोंडाला लावले आणि तशीच धरून ठेवली. पुन्हा एक घोट घेतला. मग कपाटातून देवक्काचे लोणचे काढून जिभेवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहात बसले. मित्रांनो, मला तेव्हाच कळले. साहेबांना वास येत नव्हता आणि चवही लागत नव्हती.

एका ओळीचे काम होते. हुकूमवहीत 'आजपासून चव डॉक्टरांनी घ्यावी' एवढे लिहायचे. पण अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली होती, निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती, आणि ज्या जिभेचे सगळ्या खात्यात नाव होते ती गेली, हे सांगणार कोणाला? त्यांनी वही ओढली आणि लिहिले, 'चव घेतली, योग्य आहे.' त्या दिवशी ते मला लहान झालेले वाटले.

हालप्पाला कळायला महिना लागला. एके दिवशी तो हुळीत मीठ घालायलाच विसरला. साहेब म्हणाले, "उत्तम!" हालप्पा मला घेऊन भटारखान्यात आला, उरलेला घोट त्याने चाखला. मग हंड्यात मीठ घातले. मला घासताना तो हळूच म्हणाला, "वाटे, तू गप्प राहा हं. मीही राहतो."

मला तर तोंडच नाही. पण त्याला होते. तो गप्प राहिला तो साहेबांवरच्या मायेने, आणि तिथेच पाय घसरला.

हंड्यांची कल्हई उडत चालली. माझीही. आंबट ओतले की मला आतून चावल्यासारखे होई. हालप्पा मला घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

"स्वामी, कल्हईवाल्याला बोलवायला हवं."

साहेबांनी एक घोट घेतला. "मला तर काही जाणवत नाही."

"तळ पिवळा दिसतोय, स्वामी."

"हालप्पा, कल्हई कधी करायची ते मला कळतं. आता तू शिकवणार का?"

आठवड्याने त्याने पुन्हा विचारले. या वेळी साहेबांनी वर पाहिलेही नाही.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी चिंचेची हुळी हंड्यात जरा जास्त वेळ राहिली. चाखताना हालप्पाचा चेहरा कडवट झाला. "स्वामी, आज हे वाढू नये," तो दारातूनच म्हणाला. उडुपा शेजारी उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, मला उचलले, चाखले आणि ठणकावून म्हणाले, "काय झालंय हिला? झकास आहे." त्यांनी सही केली आणि घंटा झाली.

दुपारपर्यंत त्रेचाळीस माणसे ओकत होती. कोणी दगावले नाही, हे नशीब. उडुपांनी घाबरून दुसऱ्याच दिवशी सगळ्या हंड्यांना कल्हई करून घेतली. त्यामुळे चौकशीचे अधिकारी आले तेव्हा हंडे आरशासारखे चमकत होते, आणि पुरावा म्हणून उरली फक्त वही. आपणच पुरावा घालवला या भीतीने उडुपांनीही त्या सकाळची गोष्ट दडवली.

अधिकाऱ्यांनी वहीवर बोट ठेवले. "साहेबांनी चाखलं तेव्हा चांगली होती. मग त्यानंतर हुळीत काय पडलं? कोणी टाकलं?"

"काही पडलं नाही, स्वामी. कल्हई गेली होती," हालप्पा म्हणाला.

"वीरभद्रय्यांच्या जिभेला लागलं नाही आणि तुझ्या जिभेला लागलं?"

हालप्पाने साहेबांकडे पाहिले. साहेब माझ्याकडे पाहात होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला हो, बोला.

"माझंच लक्ष नव्हतं, स्वामी," हालप्पा म्हणाला.

चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेले त्याचे माफीचे दिवस कापले गेले आणि यादीतून नाव खोडले गेले. कोणाचेही वाईट पत्र स्वतः वाचून दाखवणाऱ्या साहेबांनी ही बातमी त्याला उडुपांकडून कळवली. देवक्काला तर कोणी कळवलेच नाही. तिला लिहिलेले पत्र साहेबांच्या टेबलावर, माझ्या शेजारी, सहीवाचून पडून राहिले.

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झाले, अकरा माणसे बाहेर पडली आणि दार लागले. खिडकीतून मला दारापाशी देवक्का उभी दिसली. एका हातात नवे धोतर, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी.

"आमचे मागे राहिले का हो?" तिने शिपायाला विचारले. "चूल विझवून येतील. हंडा घासल्याशिवाय निघायचे नाहीत ते."

शिपायाने साहेबांकडे बोट केले. साहेब तिच्यापर्यंत चालत गेले. ते इतके हळू बोलले की मला टेबलावरून ऐकू आले नाही. तिने धोतर परत पिशवीत घातलेले तेवढे दिसले. बरणी मात्र ती देवडीवर ठेवून गेली.

साहेब आत आले, खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग हुकूमवहीत लिहिले : 'गेले दहा महिने मला चव कळत नाही. मी खोट्या सह्या केल्या. आचाऱ्याने मला तीनदा सावध केले होते. त्याचा दोष नाही.' ते पान त्यांनी वरिष्ठांकडे पाठवले. स्वतःवर कारवाई ओढवून घेतली. पण मित्रांनो, खोटी सही एका क्षणात होते आणि ती पुसायला महिने लागतात. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. दसऱ्यानंतर देवक्का डोंगरातल्या तापाने गेली. तसे कळवणारे पत्र मात्र साहेबांनी हालप्पाला समोर स्टुलावर बसवून स्वतः वाचून दाखवले.

अखेर सव्वीस जानेवारीला हालप्पा सुटला. कारवाईमुळे साहेबांचाही तो खुर्चीतला शेवटचा आठवडा होता. त्यांनी देवडीवरची बरणी मागवली. तेलाखाली लोणचे चांगले टिकले होते. त्यांनी एक कैरी माझ्यात काढली, माझी कड रुमालाने पुसली, आणि शिपाई, जेलर सगळे पाहात असताना मला हालप्पापुढे धरले.

"मला काही कळत नाही, हालप्पा. कसं झालंय, तू सांग."

हालप्पाने कैरी तोंडात घातली. डोळे मिटले.

"आधी आंबट लागतं, स्वामी. मग मोहरीचा ठसका." त्याने कैरी जिभेवर फिरवली. "मीठ बरोबर आहे. अगदी बरोबर."

"हेच तुला तेव्हा विचारायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"हो, स्वामी," हालप्पा म्हणाला. त्याने बरणी काखेत धरली आणि नव्या कौलांच्या रिकाम्या घराकडे चालू लागला.

मला त्यानंतर कोणी घासले नाही. पुढे स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याचे येणे थांबले. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण माळ्यावर असेल, तर तिला खाली काढा, चिंच लावून घासा. आणि एक एवढे ऐका. न कळणे हा गुन्हा नाही. ज्याला कळते त्याला विचारा, आणि वेळेवर विचारा. माझ्या पोटात अजून त्या शेवटच्या कैरीच्या तेलाचा डाग आहे. घासताना तेवढा राहू द्या.