कौल लावण्याआधी

“असं का केलंस रे बाबा तू?” किशोरीने स्क्रीनलाच विचारलं.

“कोणाक इचारतंस गो?” पडवीतून वडिलांचा आवाज आला. बाबा सुपात काजूच्या बिया निवडत बसले होते.

“मशीनीक!”

“मगे? उत्तर मेळला?”

मिळालं नव्हतं, म्हणून तर ती सकाळपासून खुर्चीला चिकटली होती. धामापूरच्या तळ्यापलीकडच्या त्या गावात किशोरी नेमकं काय काम करते, हे कुणालाच धड सांगता येत नसे. पुण्याच्या एका कंपनीने प्रोग्राम लिहून देणारा एआय सहायक बनवला होता. त्याच्या हाताशी बरीच टूल्स, म्हणजे एकेक काम करून देणारी अवजारं, असत आणि कुठलं टूल कधी वापरायचं, हे तो त्या टूलच्या चार ओळींच्या वर्णनावरून ठरवी. त्या चार ओळी किशोरी लिहायची. सहायकाला आठवणही दिलेली होती. आज सांगितलेलं तो पुढेही ध्यानात ठेवी.

आणि तिथेच घोळ झाला होता. एका प्रोग्रामरने त्याला सांगितलं होतं, की जुनी पद्धत आता नको. सहायकाने ती आठवणीतून पुसायची, तर उलट पक्की लिहून ठेवली, आणि तेव्हापासून रोज इमानेइतबारे जुन्याच पद्धतीने राबत होता. कंपनीत सगळे त्याच्या नावाने खडे फोडत होते. किशोरीला मात्र कुणी चुकलं की राग येण्याआधी कुतूहल वाटायचं. तिने त्या टूलचं जुनं वर्णन उघडलं. तिच्या आधीच्या कुणीतरी लिहिलं होतं: ‘आठवणीतली महत्त्वाची माहिती ठेवते किंवा पुसते. काम झाल्यावर हो म्हणते.’

ती हसलीच. ठेवू की पुसू असं विचारायचं आणि समोरून नुसतं ‘हो’ यायचं! हो म्हणजे काय कपाळ? चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते सगळे.

तिने एकाची दोन टूल्स सुचवली. ठेवणारं वेगळं, पुसणारं वेगळं. प्रत्येकाखाली काम काय, केव्हा वापरायचं, उत्तर आलं की त्याचा अर्थ काय, ते लिहिलं. ‘कधी वापरू नये’ ही शेवटची ओळ तेवढी राहिली होती, तोच फोन वाजला. तिची वरिष्ठ, प्राजक्ता.

“किशोरीताई, आठवणीची सगळी टूल्स तुमच्याकडेच द्यायचं ठरलंय. पण जूनपासून पुण्यात यावं लागेल, कायमचं. उद्या सांगाल का?”

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं. बिया निवडतानिवडताच ते म्हणाले, “कौल घेवया. मागच्या खेपेक घेतल्लो तसो.”

मागची खेप म्हणजे बारावीनंतरची. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. बाबांनी गावच्या सातेरीला कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या लावायच्या, सवाल घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. उजवी कळी पडली. बाबा घरी येऊन म्हणाले, देवी हंयच रव म्हणता. किशोरी राहिली. मालवणात बीकॉम केलं, तिथेच क्लासमध्ये टायपिंग शिकवलं, पुढे घरबसल्या हे कंपनीचं काम मिळालं, लग्नाचंही राहूनच गेलं, आणि चाळिशी कधी आली ते कळलं नाही. देवीवर ती कधी रुसली नाही. देवीने सांगितलं त्यावर माणसाने काय रुसायचं?

पण आज ते ‘ठेवते किंवा पुसते’ डोळ्यांसमोर होतं. तिने सहजच विचारलं, “बाबा, तेव्हा सवाल काय घातल्लास?”

“घातलंय काय तरी. चेडवाक पुण्याक धाडू की हंयच ठेवू?”

“आनी उजवी कळी पडली.”

“होय.”

“म्हणजे देवी होय म्हणाली. पन कित्याक होय म्हणाली, बाबा? धाडूक की ठेवूक?”

बाबांचा हात सुपात थांबला. सूप बाजूला सारून ते उठले, सदरा चढवला. “चल. बाबली गुरव देवळात आसतलो.”

देवळाच्या वाटेला लागेपर्यंत किशोरीचं कुतूहल कुठल्या कुठे पळालं होतं. पोटात नुसता राग होता, इतक्या वर्षांचा, आणि आधी कधी न भेटलेला.

बाबली गुरवाने पाषाण धुतला, तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या आणि एक उचलून विचारलं, “बोला, सवाल काय?”

“लावू नको रे,” बाबा म्हणाले, आणि ती कळी त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतली. मग देवीकडे बघत, पण किशोरीला ऐकू जाईल असं म्हणाले, “माका तेव्हा धड इचारूचा नव्हता. हिची आवस, माझी बायको, नुकती गेल्ली. धड इचारला असता तर देवी धाड म्हणाली असती. मगे मी एकट्यान काय करूचा होता?”

किशोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कसलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आता घालूया धड सवाल,” ती कसंबसं म्हणाली. “उजवी म्हणजे जावचा, डावी म्हणजे रवूचा.”

“नको. उत्तर आपणाक ठावक आसा, ता देवीक इचारूचा नसता.”

“आनी तुमी?”

“बाबलीची बायको भाकरी देतली. काय रे बाबली? मी काय ल्हान आसंय?”

बाबांनी हात जोडले. आवाज चढवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, “आई, माझा चेडू पुण्याक चल्ला. तेची राखण कर.” त्यात कुठे ‘की’ नव्हतं.

“होय म्हाराजा!” बाबली सवयीने म्हणाला.

परतताना बाबा पुढे चालत होते. न लावलेली कळी त्यांच्या हातातच राहिली होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना उमजेना. बांधावर ते थांबले, एकदा मागे वळून लेकीकडे बघितलं, आणि ती ओली कळी सदऱ्याच्या खिशात घालून पुन्हा चालू लागले.